मंडळी आणि नेम

'मंडळी' हा शब्द मराठीत बराच सैल वापरला जातो. वक्ता समोरच्यांना 'मंडळी' म्हणतो, लग्नाला वराकडची मंडळी येतात, नाटक मंडळ्या गावोगाव फिरत असत. आणि मागच्या पिढीतले गृहस्थ 'मंडळी माहेरी गेली आहेत' असे म्हणाले, की ती मंडळी म्हणजे एकच व्यक्ती, त्यांची पत्नी, हे ऐकणाऱ्यास न सांगता कळे. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मात्र ह्या शब्दाला एक नेमका अर्थ आहे. त्याची 'मंडळी' म्हणजे चर्च. चर्चची इमारत नव्हे. त्या इमारतीत जमणारी, किंवा इमारत नसेल तर झाडाखाली, शाळेच्या खोलीत, कोणाच्या ओटीवर जमणारी माणसे. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी 'एक्लेसिया' ह्या ग्रीक शब्दासाठी हा शब्द योजला, आणि ही निवड आम्हांस फार मोलाची वाटते. युरोपातील भाषांत मूळ अर्थावर दगडचुन्याची पुटे चढली. पोर्तुगीजांचा 'इग्रेजा' हा शब्द 'एक्लेसिया'पासूनच आला. तो कोकणीत 'इगर्ज' झाला आणि त्याचा व्यवहारातला अर्थ घंटा असलेली पांढरी इमारत एवढाच उरला. मराठीने 'मंडळी' म्हटले आणि माणसांना पुन्हा आत आणले.

'एक्लेसिया' हा मुळात धर्माचा शब्दच नव्हे. ग्रीक नगरांत नागरिकांची सभा भरे, तिचे हे नाव. अथेन्समध्ये ह्या सभेला लोक वेळेवर येत नसत, चौकात गप्पा छाटीत उभे राहत. तेव्हा तांबड्या रंगात भिजवलेला दोर ताणून त्यांना सभास्थानाकडे हाकलले जाई आणि ज्याच्या अंगरख्याला रंग लागे त्याचे हसे होई. ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात ह्या दोराचा उल्लेख आहे. म्हणजे माणसांनी जमावे आणि माणसांनी जमण्याचा कंटाळा करावा, ह्या दोन्ही गोष्टी त्या शब्दाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहेत.

ख्रिस्ती माणसाने दर रविवारी देवळात का जावे, ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा धर्मशास्त्रात शोधले जाते. आम्ही ते इतिहासात शोधू पाहत आहोत. 'श्रद्धा मनात आहे, त्यासाठी उठून कशाला जायचे?' हा आक्षेप आजचा नाही, आणि हास्यास्पद तर मुळीच नाही. प्रार्थना एकट्याने करता येते. येशूनेच दार लावून प्रार्थना करण्यास सांगितले असे शुभवर्तमानात आहे. तेव्हा एकट्याने न करता येण्याजोगे असे तेथे काय घडते, हा खरा प्रश्न.

ह्याचा सर्वांत जुना बाहेरचा साक्षीदार ख्रिस्ती नव्हता, ख्रिस्ती लोकांना शिक्षा देणारा अधिकारी होता. इ. स. ११२च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा राज्यपाल प्लिनी ह्याने सम्राट ट्राजनला एक पत्र लिहिले. हे लोक नक्की करतात तरी काय, ह्याची त्याने चौकशी केली होती. त्याला कळले ते इतकेच, की ठरावीक दिवशी ते पहाट होण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात, पांगतात आणि पुन्हा जमून साधे अन्न खातात. प्लिनीचा विश्वास बसेना. त्याने दोन दासींना पकडून त्यांचा छळ करून खात्री करून घेतली. ह्या दोन दासी मंडळीतील 'सेविका' होत्या, म्हणजे त्यांच्याकडे अधिकारपद होते, असे तो जाता जाता लिहून जातो. राज्यपालाच्या दृष्टीने त्या मालकाची मालमत्ता होत्या. पहाटेच्या त्या खोलीत त्या कोणीतरी होत्या. ह्या एका तपशिलासाठी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी रोममध्ये जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती उपासनेचे वर्णन लिहिले. सूर्याच्या म्हटल्या जाणाऱ्या दिवशी शहरातले आणि खेड्यांतले सगळे एका ठिकाणी येतात. प्रेषितांचे किंवा संदेष्ट्यांचे लेखन वेळ असेल तितका वेळ वाचले जाते. अध्यक्ष बोध करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. मग भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. ऐपतदार लोक स्वखुशीने देणगी देतात आणि तिच्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे ह्यांची सोय होते. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी नेऊन देतात. गैरहजर माणसाचा वाटा बाजूला काढून ठेवायचा, तर तो आलेला नाही हे आधी कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. उपस्थितीचा पहिला अर्थ येथे आहे असे आम्हांस वाटते. आपण आलो नाही तर ते कोणाला तरी कळते.

आफ्रिकेतील अबितिनाची हकीकत अधिक कठोर आहे. इ. स. ३०४, डायोक्लिशनचा छळाचा काळ, ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचे आणि सभा न भरवण्याचे हुकूम निघालेले. आजच्या ट्युनिशियातील ह्या गावात एका घरी रविवारी जमलेली एकोणपन्नास माणसे पकडून कार्थेजला नेण्यात आली. एमेरितस नावाच्या वाचकाने त्यांना आपल्या घरी घेतले होते. अधिकाऱ्याने विचारले, तू ह्यांना मज्जाव का केला नाहीस? ते माझे भाऊ होते, मला करता आला नाही, असे त्याचे उत्तर. आणि प्रभूच्या दिवसाचे हे एकत्र येणे नसेल तर आम्हांला जगता येणार नाही, असेही तो म्हणाला. ह्या हकिगतीत कोणी श्रद्धेचा सिद्धान्त मांडत बसले नाही. खटला जमण्याबद्दल होता आणि उत्तरही जमण्याबद्दलच दिले गेले. १९९८ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी रविवारविषयी पत्रक काढले, त्यात ह्या माणसांची आठवण आहे.

त्याच सुमारास स्पेनमधील एल्विरा येथील परिषदेने एक नियम केला. शहरात राहणारा जो कोणी तीन रविवार मंडळीत येणार नाही त्याला काही काळ बाहेर ठेवावे, म्हणजे त्याला शिक्षा झाल्याचे दिसेल. नियम कडक आहे, पण त्यामागे तलवार नव्हती. अजून राज्य ख्रिस्ती झाले नव्हते. ज्या घरात जायचे नाही त्या घराचे दार काही दिवस बंद, एवढीच ती शिक्षा. ३२१ साली काँस्टंटाईनने सूर्यवारी न्यायालये व कारागिरी बंद ठेवण्याचा कायदा केला तेव्हा चित्र पालटले. (शेतकऱ्यांना मात्र त्याने सूट दिली, कारण पेरणीचा वापसा रविवार पाहून येत नाही.) पुढल्या हजार वर्षांत उपस्थिती ही राज्याची बाब होत गेली, आणि इंग्लंडमध्ये १५५९च्या कायद्याने तिची किंमतही ठरली. रविवारी आपल्या पॅरिशच्या देवळात न जाणाऱ्यास दर खेपेस बारा पेन्स दंड. १५८१ साली तो महिन्याला वीस पौंडांपर्यंत नेण्यात आला. हा दंड मुख्यत्वे कॅथलिकांसाठी होता, कारण राणीच्या देवळात बसणे म्हणजे आपला धर्म सोडणे असे ते मानीत.

येथे आमचा मराठीशी संबंध सुरू होतो, आणि तो आडवळणाने होतो. ह्या दंडाच्या इंग्लंडमधून एक तरुण निसटला. त्याचा मित्र टॉमस पाउंड कॅथलिक राहिला म्हणून तुरुंगात पडला होता. हा तरुण १५७५ साली रोममध्ये जेझुइट झाला आणि १५७९ साली गोव्यास उतरला. त्याचे नाव टॉमस स्टीफन्स. राजसत्तेने माणसाला देवळात ढकलणे म्हणजे काय हे ज्याने मायदेशी पाहिले, तो आला तो अशा मुलखात, जेथे त्याच्याच पंथाची राजसत्ता तेच करीत होती. मंदिरे पाडली गेली होती. हिंदूंनी पाळीपाळीने पाद्र्यांच्या प्रवचनास येऊन बसावे असे हुकूम निघाले होते. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे मृतदेह परत मिळवण्याच्या कामात स्टीफन्स होता. ह्या विसंगतीविषयी त्याला काय वाटत होते हे त्याने लिहून ठेवलेले नाही, आणि आम्ही त्याच्या मनात शिरण्याचा आव आणणार नाही. त्याने जे लिहिले ते १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापलेले 'क्रिस्तपुराण', सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे.

ह्या ग्रंथाचा आरंभ साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ह्या दृष्टीने पुन्हा वाचावा. आयतवारी, म्हणजे रविवारी, साष्टी प्रांतात पाद्री मुलांना 'दोत्रिन' शिकवीत आहे. तेथे एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून म्हणतो, की हे पाठांतर ठीक आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही काढून घेतलीत. त्यांच्या जागी आमच्या भाषेत ऐकावयास काही द्या. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पहिला मोठा ग्रंथ असा एका रविवारच्या बैठकीतल्या तक्रारीतून सुरू होतो. माणसे तेथे कशीही आणली गेली असोत, बसल्यावर त्यांना ऐकण्यासारखे काही हवे होते, आणि ते आपल्या बोलीत व आपल्या छंदात हवे होते. देवळांत आणि घरोघरी ह्या पुराणाचे वाचन होत असे, अशी परंपरा सांगितली जाते. शरीराने हजर असणे आणि मंडळी होणे ह्यांतले अंतर स्टीफन्सच्या ओवीने काही काळ तरी भरून काढले.

काही काळच. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर ह्याने हुकूम काढला, की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. हुकूम तडीस गेला नाही, तरी देवळाचा आणि देशी लेखणीचा संबंध त्याने पातळ केला. कॅथलिक देवळांत मुख्य उपासना तर पुढेही लॅटिनमध्येच राहिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. तेव्हा राजसत्तेचे पाठबळ संपले, दंड करणारा कोणी उरला नाही. तरीही तेथील ख्रिस्ती लोकांनी मिस्सा चुकवला नाही, स्थानिक पाद्र्यांच्या आधाराने ते जमत राहिले. सक्ती गेल्यावर जे उरले त्याला दुसरे नाव द्यावे लागेल. मराठीत त्याला 'नेम' म्हणतात.

नेम हा शब्द आमच्याकडे वारकऱ्यांनी घडवला. वारी चुकू नये, एकादशी चुकू नये, रात्रीचे भजन चुकू नये. कोणी दंड करीत नाही. पण चुकल्यावर माणूस हळहळतो, आणि दिंडीतला शेजारी पुढल्या खेपेस विचारतो, गेल्या साली दिसला नाहीत? अभंग ही रचनाच मुळी एकट्यासाठी नाही. एकाने चरण म्हणावा आणि बाकीच्यांनी ध्रुवपद झेलावे, अशी तिची घडण आहे. प्लिनीने आळीपाळीने म्हटली जाणारी स्तोत्रे म्हणून जे टिपले ते देहू-आळंदीच्या वाटेवरील माणसाला समजावून सांगावे लागले नसते.

हे दोन धागे एकत्र आले ते अहमदनगरला. (शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे, आमच्या विषयातली माणसे त्यास नगर म्हणत.) अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तेथे ठाणे घातले. ही मंडळी काँग्रिगेशनल पंथाची होती, म्हणजे बिशप नाही, वरून येणारा हुकूम नाही. जमलेल्या सभासदांनी करार करून एकत्र राहायचे, तेच चर्च. आपला 'मंडळी' हा शब्द ह्या पंथाला जितका चपखल बसला तितका क्वचितच दुसऱ्या कोणास बसला असेल. पण नगरात जमायचे कोणी? बहुतेक लोक महार आणि मांग, काही थोडे ब्राह्मण. १८३९ साली हरिपंत खिस्ती ह्या ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा एकदाच घ्यायचा असतो आणि एकदाचे धैर्य गोळा करता येते. पण प्रभुभोजन पुन्हा पुन्हा होते. त्यात भाकर एकाच थाळीतून फिरते आणि त्या काळी द्राक्षारसही एकाच पेल्यातून. महारवाड्यातल्या माणसाने ओठ लावलेला पेला आपल्या हाती येतो आणि आपण तो प्यायचा असतो, ह्या खेपेस आणि पुढच्याही खेपेस. समतेचे तत्त्व मान्य करणे सोपे आहे, तिची सवय लावून घेणे अवघड. आणि सवय पुनरावृत्तीखेरीज लागत नाही. 'नियमित' ह्या शब्दाला वजन येते ते येथे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त ही अवघड बाजू इतक्या मोकळेपणाने आली आहे, की तिच्यापुढे मिशनचे अहवाल फिके पडतात. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. मग नगरला आल्या, तरी वेगळी चूल, वेगळे पाणी. त्या सोवळे पाळत ख्रिस्ती वस्तीत वावरत होत्या. त्यांचे मन पालटले ते कोणा पंडिताच्या वादविवादाने नव्हे. त्याच माणसांच्या रोजच्या शेजाराने आणि स्वतःशी केलेल्या विचाराने. देवाने माणूस केला, जात माणसाने केली, हे त्यांना एके दिवशी लख्ख दिसले. दिसण्यापूर्वी त्या कितीतरी दिवस त्या लोकांत ऊठबस करीत होत्या, हे वाचकांनी नजरेआड करू नये.

टिळकांनी ह्या मंडळीला जे दिले ते गाणे. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्यांनी देशी चालींची पदे आणि ख्रिस्ती कीर्तन रुजवले होते. परंतु पाश्चात्त्य चालीत कोंबलेली भाषांतरित गीतेही पुष्कळ होती, ज्यांत मराठीचे ऱ्हस्वदीर्घ चालीखाली चिरडले जात. 'उपासनासंगीत' ह्या गीतसंग्रहात टिळकांची गीते अडीचशेच्या आसपास आहेत. अभ्यासक्रमांतील टिळक म्हणजे 'फुलामुलांचे कवी'. त्यांच्या ह्या उपासनागीतांचा विचार आमच्या विद्यापीठांत फारसा होत नाही, ही खंत येथे नोंदवून ठेवतो. एखाद्या कवीची कविता शंभर वर्षे दर आठवड्याला शेकडो माणसे तोंडाने म्हणतात, त्यांतल्या अनेकांनी दुसरी कोणतीही छापील कविता वाचलेली नसते, असे भाग्य अर्वाचीन मराठी कवींत आणखी किती जणांना लाभले? आणि ही गीते लिहिताना कवीपुढे वाचक नव्हता, रविवारची मंडळी होती. ध्रुवपद सोपे हवे, श्वास पुरायला हवा, निरक्षर म्हातारीला दोन रविवारांत पाठ व्हायला हवे. टिळकांच्या ह्या रचनांत जी स्वच्छता आहे तिचे श्रेय त्यांच्या प्रतिभेइतकेच त्या श्रोत्यांनाही आहे.

आणि तरीही ह्याच टिळकांना चर्च पुरेना. १९०४ साली ते दीक्षित पाळक झाले, १९१२पासून 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग सांभाळू लागले; आणि १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात असावेत अशी कल्पना होती. मिशनच्या पैशावर, मिशनच्या शाळेत, मिशनच्या कंपाउंडात वाढलेला ख्रिस्ती समाज देवळात येतो तो देवासाठी की साहेबासाठी, हा काटा त्यांना सलत होता. प्रश्न रास्त होता. ज्याची भाकरी मिशनच्या हातात आहे त्याच्या रविवारच्या उपस्थितीचा अर्थ लावणे कठीण असते. राणीचे बारा पेन्स आणि मिशनचा पगार ह्यांत जातीचा फरक असला तरी नाते आहे. मंडळीशी नाते मात्र टिळकांनी तोडले नाही. ह्याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो, कारण 'दरबारा'चा दाखला देऊन टिळकांना संस्थेबाहेरचा एकांडा भक्त ठरवण्याची पद्धत आहे. जुनी बैठक सोडताच त्यांनी जी गोष्ट केली ती म्हणजे दुसरी बैठक मांडणे! दरबार म्हणजे तरी काय, जमणेच. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही, पण त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या जे. सी. विन्स्लो ह्यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला तो टिळकांच्याच विचारांतून स्फूर्ती घेऊन.

पंडिता रमाबाईंचे वळण निराळे, शेवट तोच. १८८३ साली इंग्लंडातील वाँटिज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लवकरच सिस्टर जेराल्डाइन ह्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात त्यांनी ठणकावून सांगितले, की एका अधिकाराचे जोखड झुगारून आपण दुसऱ्या अधिकाराखाली मान द्यायला आलेलो नाही. कोणत्याही एका पंथात त्या मावल्या नाहीत. अशी स्त्री एकान्तात श्रद्धा सांभाळीत बसली असती तर कोणास नवल वाटले नसते. त्यांनी केडगावला शेकडो टाकलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या बायकांना एकत्र आणले, आणि त्या मुक्तिसदनात प्रशस्त देऊळ बांधले.

ह्या सगळ्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख प्रचारपत्रक होईल. मंडळी जमते म्हणून जात जातेच असे नाही. डॉ. आंबेडकरांनी भारतीय ख्रिस्ती समाजाविषयी जे निबंध लिहिले, ते त्यांच्या इंग्रजी लेखनसंग्रहाच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाले. धर्मांतराने जातिभेद मोडला नाही हे त्यांनी त्यांत स्पष्टपणे मांडले आहे. तामिळनाडूतील वडक्कनकुलम येथे १८७२च्या सुमारास जे कॅथलिक देऊळ उभे राहिले, ते विजारीच्या दोन पायांसारखे. वेदी एक, तिच्याकडे जाणारे दालन दुहेरी, एकात वरच्या जाती, दुसऱ्यात खालच्या, मध्ये भिंत. १९१० साली ती भिंत पाडण्यात आली. भिंत पाडली तीही भांडणतंटा होऊनच. पण ही भिंत दिसली कशामुळे? दोन्ही जाती एकाच छपराखाली, एकाच वेळी येत होत्या म्हणून. आपापल्या घरी बसून प्रार्थना करणाऱ्यांना मध्ये भिंत बांधावी लागत नाही आणि ती पाडावीही लागत नाही. करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेले रागाचे पत्र ह्याच जातीचे आहे. श्रीमंत लवकर येऊन खाऊनपिऊन तृप्त होतात, उशिरा येणारा मजूर उपाशी राहतो, ह्याला प्रभूचे भोजन म्हणता काय, असा त्याचा सवाल होता. तुम्ही जमूच नका असे मात्र त्याने लिहिले नाही. एकमेकांसाठी थांबा असे लिहिले.

कॅथलिक बाजूस मराठीला पुन्हा वेदीपर्यंत पोचण्यास विसाव्या शतकाची साठी गाठावी लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना वाट मोकळी झाली. वसईत मिस्सा मराठीत होऊ लागला. शतकानुशतके ज्या शब्दांपुढे लोक केवळ गुडघे टेकीत होते त्यांना आता उत्तर देता येऊ लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्या मराठीतून आलेले लेखक. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, 'सुबोध बायबल', आणि २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. २०२४ साली ते निवर्तले. त्यांच्या गद्यातली बोलकी, सरळ वाक्यरचना व्यासपीठावरून आली की प्रवचनपीठावरून, हे कोणा संशोधकाने तपासून पाहावे असा विषय आहे.

मार्च २०२० मध्ये मात्र जे अबितिनात हुकमाने झाले नाही ते साथीने झाले. देवळे बंद पडली. ती बंद ठेवणे योग्यच होते, त्याबद्दल आमचे दुमत नाही. उपासना फोनच्या पडद्यावर आली; वाचन ऐकू येई, बोध ऐकू येई, डोळे मिटून प्रार्थनाही होई. अडले ते गाण्यापाशी. आंतरजालावर आवाज पोचण्यास क्षणाचा विलंब लागतो, त्यामुळे दहा घरांतून म्हटलेले ध्रुवपद दहा ठिकाणी फुटते. मग एकानेच गायचे आणि इतरांचे आवाज बंद ठेवायचे, अशी तोड निघाली. टिळकांची पदे अशा रीतीने, प्रत्येक घरात, एकट्याने म्हटली गेली. आणि जस्टिनच्या वर्णनातले सेवक गैरहजरांचा वाटा त्यांच्या घरी नेत असत. येथे तर अवघी मंडळीच गैरहजर होती, वाटा काढायचा कोणी आणि न्यायचा कोणी?

१६ नोव्हेंबर २०२०ला महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली, एप्रिल २०२१मध्ये पुन्हा मिटली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ला पुन्हा उघडली. अंतर राखून बसायचे, तोंडावर पट्टी. पट्टीआडून गाणे घुसमटते आणि शेजारच्याचा सूर नीट लागत नाही. बाकांवर काही जागा मोकळ्या होत्या, आणि त्या कोणाच्या हे प्रत्येकास ठाऊक होते.